बॉयलर सूटची पिशवी, ॲप्रनचं पाकीट: कामावरून उतरलेल्या कपड्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कामाच्या जुन्या कपड्यांतून पिशव्या-पाकिटं शिवणं पहिल्यांदाच करतोय. सुरुवात कशापासून करावी?

बॉयलर सूटपासून, म्हणजे कारखान्यात घालतात त्या अंगभर एकसंध पोशाखापासून. सुती ड्रिलचा (तिरप्या विणीच्या जाड कापडाचा), निळा किंवा राखाडी, आणि शक्यतो असेंब्ली, पॅकिंग किंवा गोदामात वापरलेला. हे कापड साधारण २४० ते २८० ग्रॅम प्रति चौरस मीटर वजनाचं असतं आणि घरच्या मशीनवर चार थरांपर्यंत बिनतक्रार शिवलं जातं. दोन-तीन वर्षं धुऊन झालेलं असल्यामुळे ते आटायचं तेवढं आटलेलं असतं, रंग सुटायचा तेवढा सुटलेला असतो. म्हणजे पिशवी पहिल्या धुण्यात वाकडी होत नाही.

चामडी ॲप्रन, रिफ्लेक्टिव्ह (उजेडात चमकणारी) टेप, हार्नेसचे म्हणजे उंचावर काम करताना अंगाला बांधायच्या साजाचे पट्टे हा पुढचा टप्पा. अग्निशमन दलाचे कोट सर्वांत शेवटी, किंवा खरं तर नाहीच. त्याबद्दल खाली लिहिलं आहे.

(जाताजाता: इंग्रजीतला ‘डंगरीज’ हा शब्द मुंबईच्या डोंगरीवरून गेलेला आहे. तिथल्या बाजारात मिळणारं जाडंभरडं सुती कापड त्या नावाने परदेशी पोचलं. कामगाराच्या कपड्यातून काहीतरी वेगळं करण्याचा उद्योग इथे परका नाही.)

कपडा घ्यावा की नाही, हे कसं ठरवायचं?

फाटलाय किती हे नंतर बघा. आधी विचारा: कुठल्या खात्यातला? फाटलेलं कापड वापरता येतं, पण कापडात मुरलेलं रसायन घरच्या बादलीत निघत नाही.

सरळ नाही म्हणायचं ते असं. बॅटरी बनवणाऱ्या किंवा शिसं वितळवणाऱ्या कारखान्यातले कपडे, कारण शिशाची भुकटी शिवणीत बसते. औषध कंपनीच्या उत्पादन विभागातले, दिसायला कितीही स्वच्छ असले तरी. प्रतिजैविकं आणि संप्रेरकांचे कण डोळ्यांना दिसत नाहीत. कीटकनाशक फवारणीचे, क्रोम प्लेटिंगचे, फाउंड्रीत वाळूच्या साच्यांवर काम करणाऱ्यांचे आणि रुग्णालयातले कपडेही नकोत. पेंट शॉपचे सूट मोहात पाडतात, कारण त्यांवरचे रंगाचे शिंतोडे देखणे दिसतात. पण तो रंग दुमडीवर तडकतो, त्याचा चुरा पिशवीत पडतो, आणि जुन्या पिवळ्या-नारिंगी औद्योगिक रंगांत शिशाचं क्रोमेट असू शकतं.

खातं कळलं नाही तर नाक वापरा. कपडा धुऊन, वाळवून, त्यावर ओलसर फडकं ठेवून गरम इस्त्री दाबा. वाफेबरोबर डिझेलचा, थिनरचा किंवा आंबूस रासायनिक वास वर आला, तर तो कपडा बाद. थंड असताना काहीच वास न येणारे सूटही या परीक्षेत नापास होऊ शकतात, तेव्हा ही पायरी गाळू नका.

बॉयलर सूट धुवायचा कसा?

घरच्या कपड्यांबरोबर नाही, आणि घरच्या वॉशिंग मशीनमध्येही नाही. लेथ किंवा मिलिंगच्या खात्यातला असेल तर पायाच्या दुमडीत, खिशांच्या कोपऱ्यांत आणि पट्ट्याच्या घरात धातूचा बारीक बुरा असतो. मोकळ्या जागेत, मास्क आणि जाड हातमोजे घालून सगळे खिसे उलटे करा आणि दुमडी उसवा. कपड्यावरून लोहचुंबक फिरवा. चुंबकाला लोखंडच चिकटतं. ॲल्युमिनियम, पितळ आणि बरंचसं स्टेनलेस स्टील तसंच राहतं, ते रुंद चिकटपट्टी दाबून काढावं लागतं. हे न करता शिवायला बसलात तर एखादी कुसळासारखी चीप बोटात जाते, नाहीतर सुईचं टोक मोडते.

मग दहा लिटर गरम पाण्यात, साधारण ६० अंश, १०० ग्रॅम धुण्याचा सोडा आणि नेहमीची डिटर्जंट पावडर. त्यात सूट रात्रभर बुडवून ठेवा. सोड्याने हाताची कातडी निघते, म्हणून रबरी हातमोजे घाला. सकाळी ताठ ब्रशने घासून निदान तीनदा खळबळा. शेवटचं पाणी पांढऱ्या टबात घेऊन बघा: तळ स्वच्छ दिसला पाहिजे आणि पाण्यावर इंद्रधनुषी तवंग नको. तवंग असेल तर पुन्हा एक फेरी. दोन फेऱ्यांनंतरही तवंग येत असेल तर नाद सोडा. हे पाणी झाडांना घालू नका.

तेलाचे काळे डाग गेले नाहीत तर?

पूर्ण जाणार नाहीतच. खडूने गोल करा आणि तो भाग कापून टाका. इंजिनात वापरून झालेलं तेल कातडीला चांगलं नसतं, त्यामुळे ‘डागच तर आहे, कामाची खूण म्हणून ठेवू’ हा विचार ग्रीससाठी ठीक नाही. उन्हाने फिकटलेला खांदा, गुडघ्याची झिजलेली उभी रेघ, ठिगळ, रफू या खुणा जरूर ठेवा. वस्तूला किंमत त्यांनीच येते.

एका सूटमधून काय काय निघतं?

मध्यम मापाच्या सूटच्या पाठीतून साधारण २० × १७ इंचांचा एक अखंड तुकडा मिळतो. हाच सगळ्यात मोलाचा, कारण पाठीवर खिसा नसतो आणि झीजही कमी. मांडीच्या भागातून १० ते १२ इंच रुंदीचे चार तुकडे, बाह्यांमधून पट्ट्या आणि बंद. गुडघा, बूड आणि काख यांतलं कापड विरलेलं असतं. उजेडापुढे धरा, धागे मोजता येत असतील तर तिथे वजन पेलणारं काही बेतू नका.

खिसे उसवू नयेत. छातीचा झाकणवाला खिसा मागच्या कापडासकट कापून घेतला तर तो पिशवीवर आयता बसतो, आणि पेन ठेवायची फटही त्यात असते. पुढची पितळी चेन शाबूत असेल तर खालच्या टोकापासून तोडून दोन पाऊचना पुरते. रनर मात्र एकच मिळतो, दुसरा बाजारातून त्याच नंबरचा घ्यावा लागतो. रनरच्या पाठीवर ५ किंवा ८ असा आकडा कोरलेला असतो, तो बघून जा. पाच नंबरच्या चेनवर आठचा रनर सरकतो, पण दात धरत नाही.

उसवायचं की कापायचं?

कापायचं. बॉयलर सूटच्या लांब शिवणी दुमडून दोन-तीन ओळींनी मारलेल्या असतात. त्या उसवायला तास जातो आणि हाती येतं अर्धा-पाऊण इंच कापड, तेही भोकाभोकांचं. शिवणीच्या कडेने कात्री चालवा. उसवण्याचे कष्ट फक्त खिसे वाचवताना, बिल्ले काढताना आणि रिफ्लेक्टिव्ह टेप सोडवताना घ्या.

साध्या पिशवीचं माप आणि क्रम सांगाल का?

१६ इंच रुंद आणि १७ इंच उंच असे दोन तुकडे. एक पाठीतून, दुसरा मांडीचे दोन तुकडे मधोमध जोडून. बंदांसाठी ४ × २४ इंचांच्या दोन पट्ट्या. अर्धा इंच शिवणीत जाईल असं धरलं आहे.

पट्टीच्या दोन्ही कडा मध्यापर्यंत दुमडा, पुन्हा अर्ध्यात दुमडा, म्हणजे एक इंची बंद तयार होतो. दोन्ही कडांना टीप मारा. खिसा लावायचा तर आत्ताच, दोन्ही तुकडे सुटे असताना. मग सुलट बाजू आत ठेवून तुकडे समोरासमोर धरा, दोन्ही बाजू आणि तळ शिवा, कडांना ओव्हरलॉक किंवा झिगझॅग करा. खालचा कोपरा असा उघडा की बाजूची शिवण तळाच्या शिवणीवर बरोब्बर बसेल आणि पुढे त्रिकोण तयार होईल. टोकापासून दोन इंचांवर आडवी रेघ काढा. ती चार इंच भरली पाहिजे. रेघेवर दोनदा शिवा, पुढचा त्रिकोण छाटा. वरची कड आधी अर्धा, मग एक इंच आत दुमडून शिवा. बंदांची टोकं त्या दुमडीत दीड इंच आत घेऊन चौकोन आणि त्यात फुली, अशी शिवण मारा.

तयार पिशवी १३ इंच उंच, तळ ११ × ४ इंच. दुमडीतून बंद फक्त एका ओळीने शिवला तर भाजीच्या पहिल्या फेरीतच कोपरा फाटतो. दोष दोऱ्याचा नसतो. सगळं वजन एका रेघेवर येतं आणि ड्रिल तिथे चिरतं, म्हणून फुली.

सुई, दोरा, मशीन?

ड्रिलच्या दोन ते चार थरांना १०० नंबरची (जुन्या मोजणीत १६) सुई, त्याहून जाड ठिकाणी ११० (१८). टाका ३ ते ३.५ मिलिमीटर. दोरा पॉलिएस्टरचा, सुती दोरा दिसायला छान, पण घामाने आणि घासून लवकर तुटतो. पायाचं जुनं काळं मशीन या कामाला नव्या प्लॅस्टिकच्या मशीनपेक्षा बरं, कारण ते हळू चालवता येतं आणि चाक हाताने फिरवता येतं.

जाड शिवणीवर टाके सुटतात, सुई मोडते. का?

मशीनचा पाय चढावर तिरका होतो. पुढचं टोक वर, मागचं खाली. मग कापड सरकत नाही, सुई वाकून खालच्या पट्टीवर आपटते. उपाय बिनखर्चाचा आहे: त्याच ड्रिलची घडी करून पायाच्या मागच्या भागाखाली सरकवा, पाय सपाट झाला की चाक हाताने फिरवत चार-पाच टाके घ्या, उतरणीवर घडी पुढच्या बाजूला ठेवा. त्याआधी जाड शिवणीवर फडकं टाकून हातोडीने दोन-चार ठोके द्या. थर बसतात आणि निम्मी अडचण तिथेच संपते.

वेल्डिंगचा चामडी ॲप्रन वापरता येतो का?

येतो, पण त्याची समजूत वेगळी हवी. हे बहुधा क्रोम टॅनिंग केलेलं (क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं) स्प्लिट चामडं असतं, म्हणजे कातड्याचा वरचा गुळगुळीत थर काढून घेतल्यावर उरलेला भाग. दोन्ही बाजूंनी लव असते, जाडी साधारण १.२ ते १.६ मिलिमीटर. बुटाच्या वरच्या चामड्यासारखी चकाकी त्याला कधीच येणार नाही. पॉलिश फासून ती आणायचा प्रयत्न केला तर डागाळलेलं, मेणचट काहीतरी तयार होतं.

वेल्डिंगच्या धुराचा समावेश आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ साली माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात केला. त्याची धूळ लवेत अडकते. म्हणून स्टेनलेस स्टीलच्या वेल्डिंगवर वापरलेला ॲप्रन घेऊच नका. त्या धुरात षट्संयुजी क्रोमियम, म्हणजे क्रोमियमचं विषारी रूप असतं. साध्या लोखंडाच्या कामातला असेल तर कोरडा झटकू नका. ओल्या फडक्याने दोन्ही बाजू पुसा, फडकं दर वेळी बदला, पांढरं फडकं पांढरंच परत येईपर्यंत. पाण्यात बुडवायचं नाही: वाळल्यावर चामडं पत्र्यासारखं कडक होतं आणि आकसतं. सावलीत वाळवा, हाताने चोळून मऊ करा. छाती आणि मांडीसमोरचा भाग ठिणग्यांनी भोकाळलेला असतो. कडांजवळचा आणि पट्ट्यांखाली झाकलेला भाग चांगला निघतो.

ॲप्रनची मूळ शिवण बऱ्याचदा केव्हलरच्या दोऱ्याची, पिवळसर. उसवणीने (टाके उसवायच्या हत्याराने) ती तुटत नाही, उसवणीच बोथट होते. रापीने (चामडं कापायच्या सुरीने) शिवणीच्या आतून चामडंच कापा.

त्याचं पाकीट कसं बेतायचं?

कार्डाचं माप ८५.६ × ५४ मिलिमीटर ठरलेलं आहे. तुकडे १०२ × ७५ मिलिमीटरचे कापा, कडेपासून ४ मिलिमीटरवर शिवण घ्या. आत ९४ उरतात. नुसते ९० ठेवले की जाड चामड्याच्या फुगवट्यामुळे कार्ड अडकतं. दोन तुकडे, एक कप्पा, बस. तिसरा थर घातला की कड चार मिलिमीटरच्या वर जाते, आणि घरचं मशीन तिथे हात टेकतं. तसं करायचंच तर आरीने भोकं पाडून दोन सुयांनी हाताने शिवा.

मशीनवर शिवताना चामड्याची धारदार टोकाची सुई, टाका ४ मिलिमीटर. बारीक टाका घेतला तर पोस्टाच्या तिकिटासारखी ओळ तयार होते आणि पाकीट तिथूनच फाटतं. टाचण्या लावू नका, भोकं कायम राहतात. कपडे वाळत घालायचे चिमटे चालतात. शिवण चुकली तर उसवून त्याच ओळीत पुन्हा शिवता येत नाही. बहुतेकांना पहिले दोन तुकडे टाकून द्यावे लागतात.

घड्याळाचा पट्टा, ब्रेसलेट असं अंगाला थेट लागणारं या चामड्याचं काही करू नका. युरोपात अंगाला लागणाऱ्या चामडी वस्तूंमध्ये षट्संयुजी क्रोमियमची मर्यादा १ मे २०१५ पासून किलोमागे ३ मिलिग्रॅम आहे. तिकडे माल पाठवायचा तर आधी प्रयोगशाळेत तपासून घ्या.

अग्निशमन दलाचे जुने कोट मिळतायत. घ्यावेत का?

आमचं मत: नको. या कोटाला तीन थर असतात. बाहेर अरामिड (आग सोसणाऱ्या कृत्रिम धाग्याचं) कापड, मध्ये पाणी अडवणारा पडदा, आत उष्णता रोखणारं अस्तर. अमेरिकी मानकानुसार असा कोट बनल्यापासून दहा वर्षांनी बाद करतात, मग दिसायला कसाही असो. जळत्या घरांतली काजळी थरांमध्ये झिरपलेली असते. अग्निशमन जवानांच्या कामालाच २०२२ साली कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात घातलं गेलं, आणि त्यामागच्या कारणांत हे कपड्यांवरचे अवशेषही येतात. मधल्या पडद्यात फ्लोरिनयुक्त रसायनं असतात ती वेगळीच.

दलाच्या भांडारात कधी आगीत न गेलेला, मुदत संपलेला कोट खात्रीने मिळाला, तर फक्त बाहेरचा थर वापरा. साधी कात्री अरामिडवर घसरते, धागे चावल्यासारखे बाहेर येतात; दातेरी पात्याची कात्री लागते. हे कापड घरी रंगवता येत नाही आणि उन्हात कमजोर होत जातं.

आगीच्या पाइपांची गोष्ट निराळी. रबराचं आवरण असल्याने ते धुऊन स्वच्छ होतात. ब्रिटनमधली एल्व्हिस अँड क्रेस ही कंपनी २००५ पासून लंडन अग्निशमन दलाच्या बाद पाइपांच्या बॅगा आणि बेल्ट करते आणि त्या मालाच्या नफ्यातला अर्धा वाटा जवानांच्या मदतसंस्थेला देते.

भट्टीवरचे जाड, करड्या रंगाचे हातमोजे आणि चंदेरी ॲप्रन?

हात लावू नका. जुन्या मालात ॲस्बेस्टॉसचं कापड असू शकतं आणि ते नुसतं बघून ओळखता येत नाही, सूक्ष्मदर्शकाखालीच कळतं. कापायचं, धुवायचं, झटकायचं काही नाही. न हलवता दुहेरी प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून ज्या कारखान्यातून आलं तिथेच परत द्या. असा कचरा तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथल्यासारख्या अधिकृत घातक-कचरा केंद्रात पाठवणं ही कारखान्याची जबाबदारी आहे.

रिफ्लेक्टिव्ह टेप अजून चमकते का, कसं तपासायचं?

खोलीत अंधार करा. टॉर्च डोळ्याच्या अगदी शेजारी, कानशिलाला टेकवून धरा आणि चार-पाच पावलांवरून जॅकेटवर उजेड टाका. जिवंत टेप पांढरीशुभ्र पेटते, मेलेली राखाडीच राहते. टॉर्च छातीशी धरून बघाल तर चांगली टेपही मेलेली वाटेल, कारण ती उजेड आला त्याच वाटेने परत पाठवते.

टेपवर काचेचे सूक्ष्म मणी असतात. घासलं, घडी घालून वर वजन ठेवलं किंवा सरळ इस्त्री फिरवली की ते जातात. इस्त्री उलट बाजूने, मध्यम आचेवर, फडकं ठेवून. टाका ४ मिलिमीटर. जॅकेटचं नारिंगी-हिरवं जाळीचं कापड मात्र उन्हाने विटलेलं असतं. टेप काढून घ्या आणि बाकीचं अस्तराच्या आतल्या खिशाला वापरा. ही टेप सायकलच्या बॅगेला, दप्तराला, पहाटे अंधारात पालखीबरोबर चालणाऱ्यांच्या झोळीला खरोखर उपयोगी पडते.

हार्नेसचे पट्टे बॅगेला चालतील?

उत्तम. पॉलिएस्टरचे, घट्ट विणीचे. एकच गोम: हार्नेसचा पट्टा साधारण ४५ मिलिमीटर रुंद असतो आणि बाजारात बकल, डी-रिंग मिळतात २५, ३८, ५० मिलिमीटरच्या. ३८ मध्ये पट्टा चुरगळतो, म्हणून ५० चीच घ्या. कापलेलं टोक मेणबत्तीवर धरून वितळवा, नाहीतर वीण सुटते. जुनी लेबलं आणि क्रमांक कापून नष्ट करा, आणि अखंड हार्नेस कुणाच्या हाती पडू देऊ नका. कोणीतरी तो घालून उंचावर चढेल. झोपाळ्याला, गाडी ओढायला हे पट्टे वापरायचे नाहीत.

कंपनीचा लोगो, कामगाराचं नाव?

नावाची पट्टी नेहमी काढा. लोगोसाठी कंपनीची लेखी परवानगी नसेल तर तोही काढा. सरकारी दलांची चिन्हं, बिल्ले कधीच ठेवू नका. बिल्ला उसवला की खाली मूळ निळ्या रंगाचा गडद चौकोन उरतो, भोवती भोकांची चौकट. तो धुऊन जात नाही. एकतर त्यावर खिसा बसवा, नाहीतर तसाच दर्शनी ठेवा. आम्हाला दुसरं जास्त आवडतं.

ओव्हनचे हातमोजे, मुलांची दप्तरं, ‘आगीपासून सुरक्षित’ पिशवी असं विकता येईल?

तिन्ही नाही. सुरक्षेचा दर्जा संपला म्हणूनच तो कपडा तुमच्याकडे आला. आग रोखणारी प्रक्रिया केलेलं सुती कापड तर ब्लीचने किंवा जड पाण्यात साबणाचा थर बसल्यानेही गुण गमावतं. लेबलवर ‘वापरलेल्या कामाच्या कपड्यापासून’ एवढं लिहा. मुलं वस्तू तोंडात घालतात, म्हणून त्यांच्यासाठी हा माल नको.

माल मिळवायचा कुठून?

भंगारवाल्याकडून स्वस्त पडतो, पण खातं कळत नाही. कारखान्याच्या सेफ्टी किंवा स्टोअर विभागाला पत्र द्या: कुठल्या खात्यातले कपडे हवेत, महिन्याला किती, नाव-लोगो काढून टाकू याची हमी. गणवेश भाड्याने देणाऱ्या आणि धुणाऱ्या लॉन्ड्र्या आणखी बऱ्या, कारण तिथे कपडे धुतलेले आणि खात्यांप्रमाणे वेगळे केलेले असतात. चेन, बकल, अस्तर पुण्यात रविवार पेठेत, मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास. चामड्याची हत्यारं धारावीत.

उरलेल्या चिंध्यांचं काय?

ड्रिलच्या पट्ट्या पिशवीच्या तळाला ताठपणा द्यायला दोन थरांत शिवून घाला, पुठ्ठ्यासारख्या त्या भिजून विरघळत नाहीत. चामड्याच्या तुकड्यांच्या किल्ल्यांच्या पट्ट्या, चेनच्या टोकांचे तुकडे होतात. कापून काढलेले तेलकट भाग मात्र वेगळ्या पिशवीत ठेवा आणि माल आणायला जाल तेव्हा कारखान्यात परत द्या. ते पेटवू नका, उशीतही भरू नका.